जुन्या मशीनवरची नवी लायब्ररी

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते चार माणसानं कुठं असावं, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, आमच्या मशीनच्या खोलीत. बाहेर चपलेला डांबर चिकटतंय आणि आत एसी वीसवर. मी तिथं खांद्यावर चादर घेऊन बसायचे. कुरिअरवाला एकदा दारातून डोकावला आणि मला तशी बघून म्हणाला, "ताप हाय का म्याडम?" मी म्हटलं, "व्हय, डोक्याला हाय. सही कुठं करायची ते सांग."

त्या खोलीत वेळ वेगळाच चालायचा. खिडकी नाही, घड्याळ बंद पडलेलं, फक्त पंख्यांचा एकसुरी आवाज. माझं लहानपण यंत्रमागांच्या गल्लीत गेलं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि या तिन्हींच्या खाली दिवसभर मागांचा खडखडाट. आवाजातच जेवलो, आवाजातच झोपलो. त्यामुळं असेल, पण त्या खोलीत पाच मिनिटं बसलं की माझे डोळे जड व्हायचे, आणि धड झोप नाही, धड जाग नाही अशा एका ठिकाणी मी बराच वेळ रेंगाळायचे. आमच्या संशोधन संस्थेतल्या लोकांना वाटायचं, बाई झोपा काढते. वाटू दे की. सोळा मशीन बारा वर्षं मी एकटीनं चालवल्या, त्यांच्यातल्या एकानं तरी एक दिवस चालवून दाखवायच्या होत्या.

या सोळा मशीन म्हणजे एकाच कपाटात एकावर एक रचलेले सोळा संगणक. एका संगणकाला वर्षभर लागेल असं मोठं गणित घ्यायचं, त्याचे चौसष्ट तुकडे करायचे आणि प्रत्येक मशीनला चार चार वाटून द्यायचे. मग तुकडे एकमेकांशी बोलत बोलत ते गणित संपवतात. माझ्या कडेचं उत्तर हे आलं, तुझ्या कडेचं काय आलं? क्षणाक्षणाला असे हजारो निरोप. हे निरोप पोचवणारी जी व्यवस्था असते, तिला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा काही संबंध नाही. ती नसेल तर चौसष्ट तुकडे म्हणजे चौसष्ट परके.

आमच्याकडं निरोप सगळ्यात जास्त पाठवायची ती एक पोरगी. पोरगी म्हणायचं आपलं, तिशी उलटलेली बाई होती. सांगोल्याकडची, वडील अजून मेंढरं घेऊन फिरायचे. ती आमच्याकडं पीएचडी करत होती. पडलेला पाऊस जमिनीखाली कुठं जातो, कुठल्या खडकात मुरतो, कुठल्या विहिरीत निघतो, हे तिचं काम. तिच्या गाईड सरांनी लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम होता. सर निवृत्त होऊन मुलाकडं परदेशी गेले आणि प्रोग्रॅम हिच्या पदरात टाकून गेले. त्यात तिच्या तालुक्याखालच्या जमिनीचे चौकोन पाडायचे आणि वरून तीस वर्षांचा पाऊस सोडायचा. बाहेर उन्हानं माणसं करपताहेत आणि माझ्या कपाटात पाऊस पडतोय, हे मला फार आवडायचं. डोळे मिटून मी तो ऐकायचे. पंख्यांचाच आवाज तो, मला माहीत नाही का? पण ऐकायचे.

तिची मात्र झोप उडालेली होती. पीएचडीची मुदत तिनं दोनदा वाढवून घेतली होती, एकदा लग्नासाठी, एकदा बाळंतपणासाठी, आणि तिसऱ्यांदा वाढवून मिळणार नव्हती. मेअखेर प्रबंध दाखल झाला तर झाला, नाहीतर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. सगळं लिहून तयार होतं. पण प्रबंध दाखल करायच्या आधी समितीसमोर मांडावा लागतो, आणि तिथं एका तज्ज्ञांनी बोट ठेवलं. तुझे चौकोन फार मोठे आहेत, ते निम्मे कर आणि शेवटचा निकाल पुन्हा काढून दाखव, तरच पुढं पाठवतो. चूक नव्हतं त्यांचं. पण चौकोन बारीक केले की निरोप वाढले, आणि निरोप एका आकड्याच्या पुढं गेले की आमची जुनी लायब्ररी जागच्या जागी थिजायची. ओरडणं नाही, तक्रार नाही, नुसती थिजायची. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत हा दोष काढलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग नवी टाका. आमचे विभागप्रमुखही तेच म्हणाले, फक्त त्यांच्या पद्धतीनं. "अहो, सगळी ऑपरेटिंग सिस्टिमच नवी टाका ना. तिच्याबरोबर लायब्ररी नवीच येते. हात्तिच्या, त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. आमच्या मशीनना एकमेकांशी जोडणारी कार्डं इतकी जुनी, की ती बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टिमसाठी त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर काढणंच सोडून दिलेलं. सिस्टिम बदलली की कार्डं आंधळी, आणि मे महिन्यात नवी कार्डं कोण देणार होतं मला? मी त्यांना म्हटलं, "सर, आमच्या गल्लीत चादरीवरची नक्षी बदलायची तर मागावरची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलतात. कोणी माग उचलून रस्त्यावर फेकत नाही." सर म्हणाले, तुमची गल्ली वेगळी, कॉम्प्युटर वेगळा. मी दार जरा जोरातच लावलं.

मग मी ते माझ्या पद्धतीनं केलं. सिस्टिमला बोट लावायचं नाही. जुनी लायब्ररी आहे तिथंच ठेवायची, कारण इतर चार जणांची कामं तिच्यावर चालू होती. नवीसाठी सगळ्या मशीनना दिसेल अशी एक वेगळी जागा करायची, आणि मुळापासून तिथंच बांधायची. घरात नवी सून आली की तिला आल्या आल्या सासूच्या चुलीपाशी ढकलायचं नाही, माडीवर तिची वेगळी शेगडी मांडून द्यायची, तसं. ज्याला जुनं हवं त्यानं खाली जेवावं, ज्याला नवं हवं त्यानं वर.

ते बांधकाम तीन दिवस चाललं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून वर सरकत राहायच्या, हजारो ओळी, आणि मी चादरीत गुरफटून त्या बघत बसायचे. वाचत नव्हते, नुसती बघत होते. मध्येच सगळं थांबायचं, काहीतरी सापडत नाही म्हणून. मग मी उठायचे, शिव्या घालायचे, ते शोधून द्यायचे आणि ओळी पुन्हा वाहायला लागायच्या. पोरगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. डब्यातली कडक भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवायची, स्वतः मात्र कॅलेंडरकडं बघत बसायची. फारसं बोलायची नाही. मलाही बरं वाटायचं, कारण काम चालू असताना कोणी काही विचारलं की माझं डोकं फिरतं. तिच्या पहिल्या वर्षात तिनं मला काही विचारलं की मी म्हणायचे, "आधी वाचून ये, मग तोंड उघड." तिनं ते मनावर घेतलं असावं.

चौथ्या दिवशी नव्या लायब्ररीवर तिचा प्रोग्रॅम पुन्हा तयार करून मी सोडला, आणि तो चालला! थिजला नाही, पडला नाही, सोळाच्या सोळा मशीन गरम श्वास टाकायला लागल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी चादर फेकली, खालच्या टपरीवरून सगळ्या मजल्याला चहा मागवला, विभागप्रमुखांनाही. गाणं गुणगुणत जिन्यातून वर आले, तर ती पडद्यासमोर एकटीच बसली होती, हनुवटीला हात लावून. मी म्हटलं, "बघतेस काय अशी? झालं तुझं काम. हस की जरा." ती हसली.

पुढचे अकरा दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. हे लिहिताना लाज वाटते, पण गेले. सकाळी यायचं, कपाटाच्या जाळीला हात लावून ऊब बघायची, खुर्चीत बसायचं आणि पाऊस ऐकायचा. मला जमिनीखालचं पाणी दिसायचं. काळ्या खडकाच्या फटीतून एकेक थेंब उतरतोय, चौकोनातून चौकोनात चाललाय. कधी त्यात आमच्या जुन्या घराची न्हाणी यायची, कधी वडील मागापाशी वाकून धागा जोडताना दिसायचे, आणि मी त्यांना तेलुगूत काहीतरी सांगत असायचे. मग पंख्याचा सूर बदलायचा आणि मी परत खुर्चीत. ती रोज दोन वाजता यायची, माझ्यासमोर बसून चहा प्यायची, कुठवर आलं ते बघायची. पहिलं वर्ष. अजून पहिलंच वर्ष. सातव्या दिवशी दुसरं वर्ष लागलं. अकराव्या दिवशीही दुसऱ्या वर्षाचा पाऊस पडतच होता, आणि आम्हाला तर तीस वर्षांचा हवा होता.

"वेळ लागतोय न्हाय का, म्याडम?" असं ती एकदाच म्हणाली.

"अगं, चौकोन निम्मे केलेत, वेळ लागणारच! सुरुवातीला हळू असतं, मग धरतं वेग," असं मी ठोकून दिलं. कशाच्या जोरावर? डोंबलाच्या. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं. पण आपण बांधलेल्या गोष्टीत खोट असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच अकराव्या दिवशी दुपारी ती चहा पिऊन गेल्यावर मी नेहमीच्या अर्धवट झोपेत कपाटाकडं बघत होते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक चपटी पेटी असते. सगळ्या मशीनच्या तारा तिच्यात येतात आणि प्रत्येक तारेजवळ एक बारका हिरवा दिवा. निरोप आला-गेला की तो दिवा लवतो. मोठं काम चालू असलं की हे सोळा दिवे इतके थरथरतात की नजर ठरत नाही. त्या दुपारी ते शांत होते. मध्येच एखादा लवायचा, परत शांत. खाली मशीन घामाघूम, आणि वर एक अक्षर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सोळा माणसांच्या घरात सगळे आपापल्या खोलीत कड्या लावून राबताहेत असं काहीतरी मला वाटलं. मी टक्क जागी झाले.

तिच्या गाईड सरांच्या त्या जुन्या प्रोग्रॅमला एक खोड होती. सुरू होताना प्रत्येक तुकडा शून्यापासून मोजून आपली हजेरी लावायचा: मी क्रमांक अमुक, आम्ही एकूण चौसष्ट. या ओळी पहिल्या मिनिटालाच वर सरकून जातात, कोणी बघत नाही. मी त्या ओळींची फाईल उघडून अगदी वर गेले. तिथं लिहिलं होतं, मी क्रमांक शून्य, आम्ही एकूण एक. खाली पुन्हा तेच. एकूण एक. एकूण एक. चौसष्ट वेळा. प्रत्येक तुकड्याला वाटत होतं की जगात आपण एकटेच आहोत, म्हणून प्रत्येक जण सगळ्या तालुक्याचा, सगळ्या तीस वर्षांचा पाऊस एकटा डोक्यावर घेऊन चालला होता. तसंच चालू ठेवलं असतं तर दिवाळी उलटून गेली असती.

चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीचा होता, पण त्याला हाक मारून उठवणारी आज्ञा जुनीच लागत होती. जुनीनं हाक मारली, नव्याला तिची भाषा कळेना, म्हणून प्रत्येकानं समजून घेतलं की आपल्याबरोबर कोणी नाही. दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच होणारी ही चूक. सगळं एकदम बदललं असतं, विभागप्रमुखांचं ऐकलं असतं, तर निदान ही तरी झाली नसती. आणि जुनीला पहिला मान द्या असं सगळ्यांच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवणारी ओळ कोणाची? माझी. बारा वर्षांपूर्वी, मुलांना रोज टाईप करायला लागू नये म्हणून मीच घातलेली. कर्म माझं! मी खुर्चीत बसून रडले. राग आला की मला रडू येत नाही, त्या दिवशी आलं.

मुदतीला पाच दिवस उरले होते.

मी तिला फोन करून बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं. म्हटलं, "माझी चूक झाली. अकरा दिवस फुकट गेले तुझे. मी अक्कल गहाण ठेवली होती. तुला काय बोलायचं ते बोल." मला वाटलं ती रडेल, भांडेल. मी भांडले असते, खुर्ची फेकली असती. तिनं फक्त पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बरं. आता सुरू करा की."

केवढा हा धीर, माझ्या मनात आलं. मेंढरांमागं मैलोन् मैल चालणाऱ्यांची लेक, पाऊस येईल तेव्हा येईल म्हणून माळावर उभी राहणारी माणसं. मी तिच्याकडं भारावून बघत राहिले.

ओळ बदलली, आज्ञा नवी दिली, प्रोग्रॅम सोडला. या वेळी दोघीही पडद्याला नाक लावून होतो. मी क्रमांक शून्य, आम्ही एकूण चौसष्ट. मी क्रमांक सतरा, आम्ही एकूण चौसष्ट. क्रमांक तीन. क्रमांक चाळीस. त्या कधी ओळीनं येत नाहीत, ज्याला जाग येईल तसा तो बोलतो. ती एकेक मोठ्यानं वाचत गेली. वरचे हिरवे दिवे थरथरायला लागले. संध्याकाळच्या आत पहिली तीन वर्षं भिजून झाली.

त्यानंतरचे तीन दिवस मी डोळा लागू दिला नाही. लाईट जाईल, एसी बसेल, काहीही होईल, असं वाटायचं. जेवायला घरी गेले तर भात तसाच टाकून परत यायचे. पाऊस ऐकू येईना झाला. पंखेच ऐकू यायचे, पंखे म्हणूनच. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिसावं वर्ष संपलं आणि मशीन एकेक करून हळू झाल्या. मोठ्या चौकोनांत जे आलं होतं तेच बारीक चौकोनांत आलं, फक्त जास्त नीट. तिनं आकडे जुळवले, नकाशे काढले, तज्ज्ञांना पाठवले, त्यांचा होकार आला. शेवटच्या तारखेला दुपारी प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती देऊन, पोचपावती घेऊन ती थेट मशीनच्या खोलीत आली. उन्हानं चेहरा लालभडक. मी तिला माझी चादर दिली आणि समोर बसवलं.

मी नुसती बडबडत होते. सुटकाच एवढी मोठी होती. म्हटलं, "अगं, तुझं कौतुक वाटतं मला. अकरा दिवस वाया गेले कळल्यावर एक शब्द बोलली नाहीस. मला तर दिवे दिसेपर्यंत पत्ता नव्हता."

ती पावतीची घडी घालत होती. अगदी सहज म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं हुतं की."

"काय दिसलं होतं?"

"तेच. एकूण एक, एकूण एक. त्या ओळी मी सहा वर्षं बघतेय न्हवं. तुमी चहा सांगायला खाली गेलता तवा बघितल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, नव्यात असंच लिहून येत आसंल. इचारावं म्हणलं, पर तुमी वर आला ते गाणं म्हणत. लई खुशीत हुता त्या दिवशी." ती थांबली, मग हसली, मनात काही न ठेवता. "आन् एरवी इचारलं की तुमी रागावता. रोज दोन वाजता यायची ते इचारायलाच. चहा पिऊन परत जायची."

अकरा दिवस. माझ्यासमोर बसून. तिची सहा वर्षं, तिची नोंदणी, सगळं त्या एका प्रश्नावर लटकलेलं, आणि तो प्रश्न ती रोज चहाबरोबर गिळत होती. आणि मी समजले होते की तो धीर आहे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी मी कितीही ओरडले तरी सांग. शपथ आहे तुला."

तिनं चादर काढली, घडी करून माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि पर्स उचलली.

"पुढची येळ कुटली आता, म्याडम," ती म्हणाली. "माझं झालं की."